मांजराला गुंगी दिली आणि ते परत उठलं नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची ठमी नऊ वर्षांची होती. गल्लीतल्या बोक्यानं शेपटीच्या मुळाशी चावा घेतला, चार दिवसांनी तिथे गळू आलं. ती हात लावू देईना, म्हणून डॉक्टर म्हणाले की थोडी गुंगी देऊन गळू फोडतो आणि साफ करतो, दहा मिनिटांचं काम आहे. साडेबाराला तिला आत नेलं आणि सव्वा वाजता टॉवेलात गुंडाळून बास्केटमध्ये परत दिलं. "ताई, अजून गुंगीत आहे, घरी गेल्यावर उठेल हळूहळू," मदतनीस म्हणाला. रिक्षात बास्केट माझ्या मांडीवर होती. घरी पोचून झाकण उघडलं तेव्हा तिची हनुवटी छातीला टेकलेली होती, मान बास्केटच्या कोपऱ्यात दुमडली होती, आणि दातांमधून दिसणारं जिभेचं टोक राखाडी पडलं होतं.

पुढच्या काही महिन्यांत ओळखीच्यांकडून, त्यांच्याही ओळखीच्यांकडून फोन येत गेले. तुमच्याही मांजराचं असंच झालं ना, मग काय केलंत? प्रश्न बहुतेक तेच असायचे. मी डॉक्टर नाही. बरंचसं वाचून आणि दोन पशुवैद्यांना पुन्हा पुन्हा विचारून जे समजलं ते इथे लिहिलं आहे. हे घडून तुम्हाला काही तासच झाले असतील, तर आधी पुढचा प्रश्न वाचा. बाकीचं सावकाश वाचता येईल.

आत्ताच गेलं आहे. आधी काय करू?

पुरायची घाई करू नका. आम्ही ती केली. संध्याकाळी सहाच्या आत तिला अंगणात पारिजातकाखाली ठेवलं आणि रात्री नऊ वाजता डोक्यात आलं की ती कशानं गेली हे आता कधीच कळणार नाही. आजही कळलेलं नाही.

कारण जाणून घ्यायचं असेल तर शवविच्छेदन हा सगळ्यात चांगला मार्ग आहे, आणि त्यासाठी शरीर थंड ठेवावं लागतं. कोरड्या कापडात गुंडाळा, वर प्लास्टिकची पिशवी घाला आणि फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. ते मनाला जड जात असेल तर थर्माकोलच्या खोक्यात बर्फाच्या पिशव्या लावून ठेवा. फ्रीझरमध्ये मात्र नको. गोठल्यावर पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली हृदयाचा किंवा फुप्फुसाचा तुकडा नीट वाचता येत नाही. आपल्या उन्हाळ्यात चार-सहा तासांतही बरंच बिघडतं. शक्यतो त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी घेऊन जा.

शवविच्छेदन कुठे होतं?

जवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयाच्या विकृतिशास्त्र विभागात विचारा. परळचं मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासूनचं आहे. त्याशिवाय सातारा जिल्ह्यात शिरवळला, नागपूरला, परभणीला आणि उदगीरला महाविद्यालयं आहेत, ती सगळी नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात. निघण्यापूर्वी फोन करा. वेळ, फी आणि सोबत कोणते कागद लागतील ते विचारून घ्या. तक्रार करायचा विचार असेल तर ते तेव्हाच सांगा, म्हणजे अहवाल त्या दृष्टीनं लिहिला जातो. ज्या दवाखान्यात घटना घडली तिथेच शवविच्छेदन करून घेऊ नये असं माझं मत आहे. डॉक्टर कितीही सरळ असले तरी ते त्यांच्यावर टाकणं बरोबर नाही.

एक गोष्ट आधीच मनाशी धरा. शवविच्छेदनात प्रत्येक वेळी उत्तर मिळतंच असं नाही. जाड झालेलं हृदय, फुप्फुसात गेलेली उलटी, पोटातला रक्तस्राव दिसतो. श्वास मंदावत मंदावत थांबला असेल किंवा हृदयाची लय बिघडली असेल तर शरीरात फारशी खूण राहत नाही. पण "हृदय ठीक होतं, फुप्फुसं स्वच्छ होती" एवढं कळलं तरी अर्धे तर्क गळून पडतात.

गुंगी आणि भूल यांत फरक काय? "फक्त गुंगी" तर सुरक्षित असते ना?

माझाही हाच समज होता. बोलताना आपण "झोपेचं इंजेक्शन" म्हणून दोन्ही एकत्र करतो. गुंगीत प्राणी सुस्तावतो, हलत नाही, पण जोरात टोचलं तर थोडीफार जाणीव असते. पूर्ण भुलीत जाणीव नसते. वाटतं की कमी औषध म्हणजे कमी धोका. पण पूर्ण भूल देताना बऱ्याचदा श्वासनलिकेत नळी घातलेली असते, ऑक्सिजन चालू असतो, पायाला सलाइनची सुई असते, आणि एक माणूस फक्त श्वास आणि ठोके बघत उभा असतो. "फक्त गुंगी" असली की अनेकदा यातलं काहीच नसतं. मांडीत एक इंजेक्शन देतात आणि काम झालं की प्राणी बास्केटमध्ये जातो. औषधं मात्र तीच असतात, श्वास मंद करणारी आणि ठोके उतरवणारी.

आणि मांजरात ही रेघ फार पुसट असते. जो डोस एका मांजराला नुसता पेंगवतो तोच दुसऱ्याला पूर्ण भुलीत नेतो.

असं किती वेळा होतं? की आमचंच नशीब फुटकं?

या विषयावरचा एक फार मोठा आणि आजही दाखला दिला जाणारा अभ्यास ब्रिटनमधला आहे. २००२ ते २००४ या काळात ११७ दवाखान्यांमध्ये गुंगी किंवा भूल दिलेल्या ७९,१७८ मांजरांची नोंद ठेवली गेली आणि निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. भुलीशी किंवा गुंगीशी संबंधित मृत्यू ०.२४ टक्के, म्हणजे दर ४१९ मांजरांमागे एक. निरोगी मांजरांत दर ८९५ मागे एक, आधीच आजारी असलेल्यांत दर ७१ मागे एक. त्याच अभ्यासात कुत्र्यांचं प्रमाण ६०१ मागे एक होतं. म्हणजे मांजराला धोका कुत्र्यापेक्षा जास्त.

याच अभ्यासातली एक गोष्ट मात्र मी प्रत्येकाला सांगते. मेलेल्या मांजरांपैकी ६० टक्क्यांहून अधिक मांजरं टेबलावर गेली नव्हती. ती काम संपल्यावर गेली, शुद्धीवर येण्याच्या काळात, आणि त्यातली सुमारे निम्मी पहिल्या तीन तासांत. जो वेळ आपण, आणि पुष्कळदा दवाखानाही, "झालं एकदाचं" म्हणून सोडून देतो, तोच सगळ्यात घातक असतो. ठमीच्या बाबतीत तो वेळ माझ्या मांडीवर, रिक्षात गेला.

काम संपल्यावर, घरी आणल्यावर कसं काय जातं? औषध तर उतरत असतं ना?

औषध उतरत असतं, पण लक्षही उठलेलं असतं. शांत झोपलेलं मांजर आणि श्वास थांबत चाललेलं मांजर दोन फुटांवरून एकसारखंच दिसतं. नेमकं काय होतं ते सांगते.

मान दुमडली की श्वासनलिका चिमटली जाते. जागं मांजर लगेच कूस बदलतं, गुंगीतलं बदलू शकत नाही. बास्केट अरुंद असली, उभी धरली, रिक्षात हेलकावली, की डोकं कोपऱ्यात जातं आणि हनुवटी छातीवर येते. पर्शियनसारख्या चपट्या नाकाच्या मांजरांत हे आणखी पटकन होतं. त्यांच्या श्वासाची वाट मुळातच अरुंद असते.

दुसरं कारण थंडी. मांजराचं अंग साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं. गुंगीत अंगाची ऊब टिकवण्याची यंत्रणा मंदावते, त्यात केस कापलेले, कातडी स्पिरिटनं पुसलेली आणि खाली स्टीलचं थंड टेबल. अंग गार पडलं की यकृत औषध सावकाश मोडतं, शुद्ध यायला उशीर होतो, आणि तोवर अंग आणखी गार पडतं.

तिसरं कारण उलटी. झायलाझिन हे आपल्याकडे सर्रास वापरलं जाणारं गुंगीचं औषध मांजराला बऱ्याचदा ओकारी आणतं, इतकं की विष खाल्लेल्या मांजराला उलटी करवण्यासाठीही ते वापरतात. पोट भरलेलं असेल आणि गिळण्याची शुद्ध नसेल तर ते फुप्फुसात जाऊ शकतं.

पण आमचं मांजर ठणठणीत होतं. सकाळी पडद्यावर चढलं होतं.

यावर माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. मांजरात हृदयाचा एक आजार फार आढळतो: डाव्या कप्प्याची भिंत जाड होत जाते, आतली जागा कमी होते आणि रक्त नीट भरत नाही. वरून निरोगी दिसणाऱ्या मांजरांच्या तपासण्यांत साधारण सातातल्या एकाला तो सापडला आहे. मेन कून आणि रॅगडॉल जातींत त्याचं जनुकीय कारणही माहीत आहे, पण साध्या गावठी मांजरालाही तो होतो. अशी मांजरं वर्षानुवर्षं खातात, खेळतात, पडद्यावर चढतात. दमलं की मांजर झोपतं, आणि झोपणं तर मांजराचं कामच, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. स्टेथोस्कोपनंही दर वेळी सापडत नाही. काहींच्या छातीत आवाज येतो पण हृदय चांगलं असतं, काहींचा आवाज स्वच्छ येतो आणि हृदय खराब असतं. एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केल्यावर खरं कळतं. रक्तातून हृदयावरचा ताण दाखवणारी एक चाचणीही आहे.

असं हृदय रोजच्या जगण्याला पुरतं. मग एके दिवशी बास्केट, रिक्षा, कुत्र्यांचा वास, अनोळखी हात, आणि त्यावर ठोके एकदम चढवणारं केटामिन हे भुलीचं औषध किंवा एकदम उतरवणारं झायलाझिन. ते त्याला झेपत नाही.

घरी करता येण्यासारखी एक तपासणी आहे. मांजर गाढ झोपलेलं असताना मिनिटभर पोटाची वरखाली मोजा. निरोगी मांजराचे झोपेतले श्वास मिनिटाला ३० च्या आत असतात. वेगवेगळ्या दिवशी मोजून सतत जास्त येत असतील तर डॉक्टरांना दाखवा. ठमीचे मी कधी मोजले नव्हते. मोजायचे असतात हेच ठाऊक नव्हतं.

डोस जास्त झाला असेल का? चुकीचं औषध दिलं असेल का?

होऊ शकतं, पण तसंच झालं असं धरून चालू नका. विचारण्यासारख्या गोष्टी अशा. मांजराचं वजन काट्यावर केलं होतं की नजरेनं धरलं? अडीच किलोच्या मांजराला चार किलोचं समजणं अगदी सोपं आहे, विशेषतः अंगावर दाट केस असले तर. २ किलोपेक्षा हलक्या आणि ६ किलोपेक्षा जड मांजरांत धोका वाढतो, हेही त्याच ब्रिटिश अभ्यासात दिसलं होतं. कोणतं औषध, किती मिलि, किती वाजता? पहिल्या डोसनं गुंगी आली नाही म्हणून पाच मिनिटांत दुसरा दिला का? गुंगी उतरवण्याचं इंजेक्शन दिलं का? झायलाझिन आणि डेक्समेडेटोमिडिन या औषधांवर उतारा आहे. केटामिनवर नाही, ते आपोआप उतरेपर्यंत थांबावंच लागतं.

"ॲलर्जी आली" हे वाक्य खूप जणांना ऐकवलं गेलं आहे. खरी ॲलर्जी होते, पण क्वचित. पुष्कळदा तो शब्द "नक्की काय झालं ते कळलं नाही" याच्या जागी येतो. तो ऐकलात तर शांतपणे विचारा, "कशावरून?"

तिला त्रास झाला का? डोळे उघडे होते.

हा प्रश्न विचारताना फोनवरचा आवाज खाली येतो. डोळ्यांचं आधी सांगते. केटामिन दिलेल्या मांजराचे डोळे उघडेच राहतात, पापणी मिटत नाही. म्हणून तर चांगले डॉक्टर डोळे कोरडे पडू नयेत म्हणून मलम घालतात. उघडे डोळे म्हणजे ती बघत होती असं नाही.

काहींनी शेवटचे आचके पाहिलेले असतात: तोंड उघडून एक-दोन मोठे श्वास, पाय ताणणं, कधी आवाज. हृदय थांबल्यावर मेंदूच्या तळातून येणारी ती हालचाल असते. तोवर जाणीव गेलेली असते. गुंगीत श्वास मंदावत जातो तेव्हा ऑक्सिजन कमी होण्याच्या आधीपासूनच भीतीची जाणीव औषधानं बोथट झालेली असते. दोन्ही पशुवैद्यांनी मला हेच सांगितलं, वेगवेगळ्या दिवशी, एकमेकांना न ओळखता. मी त्यावर विश्वास ठेवला आहे.

मीच सही केली. मीच घेऊन गेले.

हो. कारण गळू होतं, पू होता, आणि तसंच सोडलं असतं तर विष अंगभर पसरलं असतं. तुम्ही नसबंदीसाठी नेलं असेल, दातांसाठी किंवा एक्स-रेसाठी. प्रत्येकामागे मांजराचंच काहीतरी भलं होतं. संमतीपत्रावर सही करताना कोणीही आपल्याला "शुद्धीवर येईपर्यंत तिच्याजवळ कोण बसणार?" हा प्रश्न शिकवलेला नसतो. मला तो माहीत असता तर मी विचारला असता. सगळ्या महिन्यांतून एवढं एकच वाक्य मला धरून ठेवता आलं, म्हणून इथे देते.

डॉक्टरांशी कसं बोलायचं? मला त्यांचं तोंडही बघवत नाही.

त्याच दिवशी जमलं नाही तर दोन-तीन दिवसांनी जा, पण जा. सोबत कोणीतरी थोडं अलिप्त माणूस न्या, मावशी, शेजारी, ऑफिसातला मित्र, जो लिहून घेईल. आधी केस पेपरची प्रत मागा: औषधांची नावं, डोस, वेळा, वजन, तपासणीच्या नोंदी. हे आठवडाभरानंतर मागण्यापेक्षा लगेच मागितलेलं बरं. मग सांगा, "मला भांडायचं नाही, काय झालं ते क्रमानं समजून घ्यायचं आहे." हे म्हणताना खरंच तसं वाटत असायला हवं, नाहीतर ते ऐकू येतं.

मी गेले तेव्हा डॉक्टर सुरुवातीला ताठ होते. मग म्हणाले की मदतनीसाला त्यांनी मांजर अर्धा तास ठेवून घ्यायला सांगितलं होतं, पण बाहेर गर्दी होती. हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते, टेबलावरच्या काट्याकडे बघत होते. माझा राग त्यानं गेला नाही. पण त्या दिवसापासून रागाला एक नेमकी जागा मिळाली, तो अर्धा तास.

त्या रात्रीच दवाखान्याचं नाव घेऊन सगळीकडे लिहू नका, एवढी विनंती. लिहायचंच तर कागद हातात आल्यावर लिहा.

तक्रार करता येते का?

येते, आणि वाटा दोन आहेत.

पशुवैद्याच्या वागणुकीबद्दल किंवा निष्काळजीपणाबद्दल महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे, नागपूरला. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम १९८४ नुसार पशुवैद्याची नोंदणी असावी लागते आणि परिषद नोंदणीवर कारवाई करू शकते. गावाकडे एक गोष्ट आधी तपासा: इंजेक्शन नोंदणीकृत पशुवैद्यानं दिलं की दुसऱ्या कोणी? पदविका घेतलेले पशुधन पर्यवेक्षक गावोगाव मोठी सेवा देतात, पण या कायद्यानुसार त्यांनी किरकोळ उपचार नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली करायचे असतात.

नुकसानभरपाईसाठी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ खाली घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. दवाखान्याला दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर दाखल करण्याची फी नाही, वकील सक्तीचा नाही, ऑनलाइनही दाखल करता येते. पैसे दिल्याची पावती हवी, म्हणून ती फेकू नका. आणि इथेच शवविच्छेदनाचा अहवाल नसणं नडतं. "मांजर गेलं" एवढ्यानं निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. काय करायला हवं होतं, ते केलं नाही, आणि त्यामुळेच ते गेलं, हे तिन्ही दाखवावं लागतं.

मी तक्रार केली नाही. माझ्याकडे अहवाल नव्हता आणि दवाखान्यानं कागद प्रामाणिकपणे दिले होते. तुमची गोष्ट वेगळी असू शकते. कागद देत नसतील तर मी तरी थांबले नसते.

मुलांना काय सांगायचं?

"झोपली" म्हणू नका. एरवीही हा शब्द वाईटच, पण इथे फार वाईट. तिला खरोखरच झोपेचं इंजेक्शन दिलं होतं आणि मुलानं ते ऐकलेलं असतं. माझा भाचा सहा वर्षांचा आहे. पुढच्या महिन्यात त्याला ताप आला आणि डॉक्टरांनी इंजेक्शन काढलं, तर तो टेबलावरून उतरून पळाला. नंतर रात्री त्यानं विचारलं, "मला पण उठता आलं नाही तर?" तेव्हा आम्हाला कळलं की आपण काय सांगून बसलो आहोत.

सरळ सांगा: ती मेली, तिचं हृदय थांबलं, आता तिला दुखत नाही आणि ती परत येणार नाही. औषध मांजराच्या छोट्या शरीराला झेपलं नाही. तुझं इंजेक्शन वेगळं असतं. "देवाघरी गेली" असं तुमच्या घरात म्हणत असाल तर म्हणा, पण "मेली" हा शब्द एकदा तरी आला पाहिजे.

घरातलं दुसरं मांजर शोधतंय. त्याला शव दाखवायचं का?

दाखवायला हरकत नाही, एखादं वास घेऊन निघून जातं, एखादं बघतही नाही. पुढचे काही दिवस खाणं कमी होऊ शकतं. मांजर दोन दिवस पूर्ण उपाशी राहिलं तर मात्र डॉक्टरांकडे न्या, विशेषतः ते लठ्ठ असेल तर. मांजराच्या यकृताला उपास सोसत नाही.

गुंगीनं गेलेल्या मांजरापासून दुसऱ्याला काही लागत नाही. पण शवविच्छेदनात पॅनल्युकोपेनियासारखा (हा मांजरांचा विषाणूजन्य आजार) संसर्ग निघाला तर भांडी आणि अंथरूण ब्लीचनं धुवा. तो विषाणू घरात वर्षभरही तग धरू शकतो.

शरीराचं काय करायचं?

स्वतःची जागा असेल तर विहिरीपासून लांब, किमान तीन फूट खोल. वर मोठे दगड ठेवा, नाहीतर कुत्री उकरतात. आम्ही दोन पाट्या माती टाकून ते विसरलो होतो, रात्री अकराला टॉर्च घेऊन जावं लागलं. जागा नसेल तर महापालिकेत विचारा. मुंबईत मालाडला महापालिकेची प्राण्यांसाठीची दहनभट्टी आहे. सुतक, दिवा, फुलं यांबद्दल विचारतात. तुम्हाला वाटतं ते करा, त्यात कोणाचं काही जात नाही. माझ्या सासूबाईंनी, ज्या ठमीला आयुष्यभर "हाड" म्हणत आल्या, त्यांनी तिसऱ्या दिवशी पारिजातकाखाली दुधाची वाटी ठेवली.

लोक म्हणतात, "मांजरच तर होतं."

म्हणतात. मी उत्तर देणं सोडलं. ऑफिसात "घरी अडचण आहे" म्हणून सुट्टी घेतली.

दुसऱ्या मांजराची नसबंदी करायची आहे. आता कधीच गुंगी नको असं वाटतं.

ते वाटणं समजतं, पण तसं करू नका. नसबंदी न केलेल्या मादीला गर्भाशयात पू होऊ शकतो, आणि तेव्हा शस्त्रक्रिया तर करावीच लागते, तीही आजारी अंगावर. दर ८९५ आणि दर ७१ हे दोन आकडे आठवा.

मी गेल्या मार्चमध्ये आमच्या चिमीला नेलं, दुसऱ्या दवाखान्यात. आधी फोनवरच विचारलं. काट्यावर वजन करता का? रक्ततपासणी आणि छाती ऐकणं आधी होईल का? पायाला सुई लावून ठेवता का? ऑक्सिजन आणि पल्स ऑक्सिमीटर आहे का? कोविडमध्ये आपण बोटाला लावायचो तेच यंत्र मांजराच्या जिभेला किंवा कानाला लावतात. ठोके आणि ऑक्सिजनवर असं लक्ष ठेवलेल्या मांजरांत मृत्यू कमी झाले, हेही त्या मोठ्या अभ्यासात दिसलं होतं. उपाशी किती वेळ ठेवायचं ते त्यांनाच विचारलं, कारण पिल्लांना रात्रभर उपाशी ठेवलं तर साखर उतरते आणि तेच जिवावर बेततं. आणि शेवटी, शुद्धीवर येईपर्यंत तिच्याजवळ कोण बसणार? आधी फोन केलेल्या एका दवाखान्यातून यावर "अहो, आम्ही आहोत ना" असं उत्तर आलं. दुसऱ्या ठिकाणी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मी बसते, आणि तुम्हालाही बसायचं असेल तर खुर्ची देते. ती मान धरून बसेपर्यंत मी सोडत नाही." मी तिथे गेले.

अकराला काम संपलं. चिमीला कुशीवर सपाट टॉवेलवर ठेवलं होतं, मान सरळ, जीभ बाहेर ओढलेली म्हणजे रंग दिसावा. जिभेला चिमटा होता आणि यंत्र ९७, ९८ दाखवत होतं. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पोटाशी दिली होती, नुसती नाही, कारण गुंगीतल्या मांजराला चटका कळत नाही. दर पाच मिनिटांनी एक मुलगी येऊन श्वास मोजून पाटीवर लिहायची. मीही मोजत होते. पावणेबाराला कान हलला. बाराच्या सुमारास तिनं मान उचलली, ती डुगडुगली, खाली पडली, परत उचलली. डॉक्टरीणबाईंनी हिरड्या दाबून पाहिल्या, गुदद्वारात थर्मामीटर घातला आणि म्हणाल्या, "३७.९. अजून अर्धा तास." मी अर्धा तास बसले. साडेबाराला बास्केट घेतली, झाकण काढून, आडवी धरून, आणि रिक्षात सगळी वाट तिची मान बघत आले.